वायफायची यादी रिकामी दिसतेय? लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख आजचीच आहे. मोबाईलला घरातलं वायफाय दिसतंय, शेजारच्या तीन घरांचंही दिसतंय. लॅपटॉपवर मात्र वायफायच्या यादीत एकही नाव नाही. कालपर्यंत सगळं व्यवस्थित चालू होतं.

यानंतर काय होतं ते बहुतेकांना पाठ आहे. राउटर बंद-चालू करायचा, लॅपटॉप बंद-चालू करायचा, कुटुंबातल्या 'कॉम्प्युटरवाल्या' दादाला फोन लावायचा. तरी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुकान. तिथे तीनपैकी एक उत्तर मिळतं: 'कार्ड गेलंय', 'मदरबोर्डला प्रॉब्लेम आहे' किंवा 'फॉरमॅट मारावा लागेल'.

यातलं एखादं उत्तर खरं असूही शकतं. पण वायफाय कार्ड म्हणजे नखाएवढ्या दोन-तीन चिप्स बसवलेली छोटीशी पट्टी. त्यात झिजणारा, हलणारा एकही भाग नसतो. ते एका रात्रीत मरण्याआधी इतर अनेक गोष्टी बिघडू शकतात. आणि त्यातल्या काही तर तुमच्या घरात घडलेल्याच नसतात. एखाद्या कंपनीने रात्री पाठवलेलं अपडेट, इंटरनेटवाल्याने बदलून दिलेला राउटर, इतकंच काय, सरकारी अधिसूचनासुद्धा तुमची यादी रिकामी करू शकते. भुर्दंड मात्र तुम्हालाच.

हा विषय आत्ता का?

कारण १४ ऑक्टोबर २०२५. या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. ज्यांनी मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवलं, त्यांना सुरक्षेची अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार आहेत. बाकीच्यांपुढे विंडोज ११ वर जाणं, आहे तसंच वापरत राहणं किंवा नवा लॅपटॉप घेणं, एवढेच मार्ग उरले.

विंडोज ११ अधिकृतपणे टाकायला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ज्यांच्याकडे तो नाही, त्यातल्या अनेकांनी यूट्यूबवर बघून किंवा दुकानातून ही अट चुकवून विंडोज ११ टाकून घेतलं. विंडोज नवीन झालं, पण आतलं वायफाय कार्ड २०१५-१६ चंच राहिलं. जुन्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर काढणं कंपन्या काही वर्षांनी थांबवतात. गाडी रुळावरून घसरते ती इथे.

नवं विंडोज टाकताना आणखी एक गंमत होते, म्हणजे ज्याच्यावर वेळ येते त्याला ती गंमत वाटत नाही. विंडोज ११ होम टाकताना मध्येच एक पडदा येतो: 'इंटरनेट जोडा'. त्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर नसेल, तर तिथली यादी रिकामीच दिसणार. ड्रायव्हर हवा तर इंटरनेट लागणार, इंटरनेट हवं तर ड्रायव्हर. हा पडदा टाळायची एक छोटी पळवाट होती. ती चाचणी आवृत्तीतून काढून टाकत असल्याचं मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. कारण काय दिलं? सुरक्षा आणि वापरकर्त्याचा अनुभव!

या कोंडीतून सुटायला बहुतेकांच्या खिशात उपाय आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोजला यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. आणि फोन स्वतः घरच्या वायफायवर असेल, तर लॅपटॉपला तेच वायफाय केबलमधून मिळतं, मोबाईलचा रोजचा डेटा खर्च होत नाही. (आयफोनवाल्यांना ॲपलचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, म्हणून अडचणीच्या वेळी कुणाचा तरी अँड्रॉइड मागून घेतलेला बरा.) साडेअकराच्या त्या फॉर्मचं काम यात भागतं. बिघाड उद्या शोधता येईल.

नेटवर्क 'दिसतं' म्हणजे नेमकं काय होतं?

राउटर गप्प बसलेला नसतो. सेकंदाला साधारण दहा वेळा तो एक छोटा संदेश हवेत सोडतो: 'मी अमुक नावाचा, अमुक प्रकारची सुरक्षा वापरतो, या चॅनलवर आहे.' याला बीकन म्हणतात. लॅपटॉपचं कार्ड एकेका चॅनलवर क्षणभर थांबतं, कान देतं आणि पुढच्या चॅनलवर जातं. काही चॅनलवर ते स्वतःहूनही विचारतं, 'कुणी आहे का?' ज्यांचा आवाज आला त्यांची यादी बनते.

पण कार्डाने ऐकलं म्हणून ते थेट तुमच्या स्क्रीनवर येत नाही. कार्डाच्या आत फर्मवेअर नावाचं छोटं सॉफ्टवेअर असतं. ते ऐकलेलं ड्रायव्हरला देतं. ड्रायव्हर ते विंडोजच्या भाषेत आणतो. मग विंडोजची एक सेवा, तिचं नाव 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग', ती यादी तुम्हाला दाखवते. या साखळीतला कुणीही एक जण रुसला, तरी तुम्हाला दिसतं ते सारखंच. म्हणून नुसती रिकामी यादी बघून 'कार्ड गेलं' असं सांगणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून धरण फुटलं म्हणण्यासारखं आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न 'का दिसत नाही' हा नसतोच. काय काय दिसत नाही, हे आधी बघायचं. वायफायचं बटणच गायब आहे? बटण आहे, पण यादी पूर्ण रिकामी आहे? की शेजाऱ्यांची नावं दिसतात आणि फक्त तुमचं दिसत नाही? हे तीन वेगवेगळे आजार आहेत.

बटणच गायब झालंय

आधी साधं बघून घ्या. कीबोर्डवर विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का? दहा-बारा वर्षं जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचा छोटा सरकता खटका असायचा, तो बॅगेत घासून सरकतो.

तसं नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की ते सापडतं. त्यात 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' खाली वायफाय कार्डाचं नाव आहे का? नाव आहे पण पिवळं चिन्ह लागलंय आणि 'कोड १०' असं काही लिहिलंय, तर विंडोजला कार्ड दिसतंय, फक्त ते सुरू करता येत नाहीये. नावच नसेल तर कार्ड मशीनपर्यंत पोचतच नाहीये.

या दोन्हींत एक उपाय करून बघण्यासारखा आहे. तो इतका साधा आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढता येत असेल तर काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. याला दुकानदार 'पॉवर ड्रेन' म्हणतात.

हे चालतं कशामुळे? लॅपटॉप बंद असतानाही आतल्या काही भागांना थोडी वीज मिळत राहते. कार्ड एखाद्या अर्धवट अवस्थेत अडकलं असेल, तर नुसतं बंद-चालू करून ते त्यातून बाहेर येत नाही. वीज पूर्ण तोडली की ते पहिल्यापासून सुरू होतं.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. 'मी शटडाउन करून परत चालू केलं, तरी काही झालं नाही.' विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर तसाच बिघडलेला परत येतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. शटडाउन आणि रीस्टार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे कंपनीनेच एकदा जाहीरपणे सांगितलंय.

डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटन आणि युरोपातल्या बऱ्याच विंडोज १० वापरणाऱ्यांचं इंटरनेट अचानक गेलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपल्या वेबसाइटवर सूचना लावली: मशीन रीस्टार्ट करा, शटडाउन करू नका. इंटरनेट गेलेल्या माणसाने ती वेबसाइट कशी बघायची, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता.

बटण आहे, यादी पूर्ण रिकामी

मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवा. तोही दिसत नसेल तर घरचा राउटर निर्दोष आहे. त्याला पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नाही.

आता आठवा, बिघाडाच्या आदल्या दिवशी काय झालं? विंडोज अपडेटच्या पानावर 'अपडेट हिस्टरी' असते. त्यात तारखा असतात. वायफाय गेल्याची तारीख आणि एखाद्या ड्रायव्हरच्या अपडेटची तारीख जुळत असेल, तर संशयित सापडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण असतं. ते दाबलं की आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट दिसत असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर आणावा लागतो. साधारण शंभर एमबीच्या आतलं काम आहे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' म्हणणाऱ्या ॲपच्या जाहिराती मात्र टाळा. त्यातली बरीचशी तुमचा प्रश्न न सोडवता पैसे मागतात, आणि काही सोबत नको ते घेऊन येतात.

सेटिंगमध्ये 'नेटवर्क रीसेट' नावाचाही पर्याय आहे. तो जोडणीची सगळी मांडणी पुसून नव्याने उभी करतो. बऱ्याचदा उपयोगी पडतो, पण साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनची सेटिंगं त्यात जातात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा.

अपडेटने वायफाय खरंच बिघडतं का, की हा आपला संशय? डिसेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. त्या महिन्यातल्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर विद्यापीठांच्या कॅम्पसमधून तक्रारी येऊ लागल्या. नेटवर्कचं नाव दिसायचं, पण लॅपटॉप जोडला जायचा नाही. अनेक तक्रारींत क्वालकॉमची कार्डं होती. विद्यापीठांच्या आयटी विभागांनी विद्यार्थ्यांना ते अपडेट काढून टाकायला सांगितलं. मग मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला. कॉलेज, ऑफिस आणि सार्वजनिक ठिकाणी जी वेगळ्या प्रकारची लॉगिन पद्धत असते तिथे हा त्रास होतोय, घरच्या वायफायला होण्याची शक्यता कमी आहे, असं सांगितलं. आणि घरगुती मशीनवर आपोआप पोचणारी एक दुरुस्ती पाठवली, जी त्या अपडेटमधला नेमका तेवढाच बदल मागे घेते.

दुरुस्ती झटपट झाली, हे मान्य करायला हवं. पण ती पोचणार इंटरनेटवरूनच. आणि मधल्या त्या दिवसांत ज्यांनी दुकानात जाऊन कार्ड बदललं किंवा फॉरमॅट मारून घेतलं, त्यांचे पैसे कुणी परत केले नाहीत. त्यांना कळलंही नसेल की कार्ड चांगलं होतं.

फक्त आपलंच वायफाय दिसत नाही

माझ्या मते हा सगळ्यात फसवा प्रकार, आणि सध्या याचं प्रमाण वाढायला पूर्ण वाव आहे. कारण इंटरनेट कंपन्या नव्या जोडणीसोबत आता वायफाय ६ चे राउटर देतायत.

चित्र असं असतं. जुना राउटर बदलून नवा आला. घरातल्या सगळ्या मोबाईलना तो दिसतो. सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपला शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त आपलं नाही. इंटरनेटवाला येतो, मोबाईलवर स्पीड दाखवतो आणि म्हणतो, 'साहेब, लॅपटॉपमध्येच प्रॉब्लेम आहे.'

तो अर्धा खरं बोलतो. इंटेलने स्वतः मान्य केलंय की त्यांच्या काही जुन्या कार्डांचा जुना ड्रायव्हर वायफाय ६ चा बीकन नीट वाचू शकत नाही. त्यात अनोळखी माहिती दिसली की तो ते नेटवर्क यादीत धरतच नाही. ७२६०, ७२६५, ८२६० हे आकडे तुमच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसले तर लक्ष द्या. एके काळी असंख्य लॅपटॉपमध्ये हीच कार्डं असायची. उपाय आहे ड्रायव्हर अपडेट करण्याचा, आणि तो फुकट आहे. तो जमत नसेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचा वायफाय ६ मोड बंद करता येतो. राउटर तेव्हा जुन्या पद्धतीने बोलतो आणि लॅपटॉपला तो दिसायला लागतो.

दुसरी शक्यता पट्ट्याची. स्वस्तातल्या आणि जुन्या लॅपटॉपमधली काही कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात. तुमचं नेटवर्क फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर त्या कार्डाला ते जन्मात दिसणार नाही. राउटरवर दोन्ही पट्टे चालू ठेवले की काम झालं.

आणि मग येतो सरकारचा भाग.

कार्डाने कुठे कान द्यायचा, हे कोण ठरवतं?

हवेतल्या लहरी ही सरकारच्या ताब्यातली गोष्ट आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. ५ गिगाहर्ट्झमधली मोठी जागा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने मोकळी झाली, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. तुमच्या कार्डाला हे नियम पाळावे लागतात. ज्या चॅनलची त्या देशात परवानगी नाही, तिथे ते बोलू शकत नाही. काही कार्डं अशा चॅनलवर ऐकतही नाहीत.

आता अमेरिकेतून आलेल्या लॅपटॉपचा विचार करा. पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये अशी किती घरं आहेत जिथे न्यू जर्सीच्या मामाने किंवा ताईने लॅपटॉप आणून दिलाय! अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झवर व्यवहारात पहिले ११ चॅनल वापरले जातात. भारतात १३ चालतात. राउटर 'ऑटो'वर असेल आणि त्याने कधीतरी १२ किंवा १३ वा चॅनल निवडला, तर अमेरिकेसाठी बांधलेल्या कार्डाला ते नेटवर्क दिसेनासं होऊ शकतं. दोन दिवसांनी राउटरने चॅनल बदलला की परत दिसतं. मग घरात चर्चा सुरू होते की लॅपटॉप 'मूडी' आहे. राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ वर कायमचा लावून टाकला की त्याचा मूड सुधारतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये वेगळा घोळ आहे. तिथले मधले काही चॅनल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. राउटरने असा चॅनल घेतला तर आधी किमान एक मिनिट तो रडारचा मागोवा घेतो आणि मगच बोलायला लागतो. मध्येच रडारसारखं काही ऐकू आलं तर त्याला तो चॅनल सोडावा लागतो. विमानतळाच्या किंवा हवामान रडारच्या जवळ राहणाऱ्यांचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क अधूनमधून गायब होत असेल, तर कारण हेही असू शकतं.

सगळ्यात ताजा वाद ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तब्बल १२०० मेगाहर्ट्झ वायफायला मोकळे केले. युरोपीय संघाने २०२१ मध्ये ४८० दिले. भारतात दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये मसुदा नियम काढून ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग मोकळा करण्याचं पाऊल उचललं. घरात कमी ताकदीने, बाहेर त्याहून कमी ताकदीने, असं त्याचं स्वरूप. पट्ट्याचा वरचा भाग मोबाईल सेवेसाठी. यामागे मोठी ओढाताण होती. दूरसंचार कंपन्यांना ही जागा मोबाईलसाठी हवी होती आणि तंत्रज्ञान कंपन्यांना वायफायसाठी.

यात सामान्य ग्राहकाचा संबंध काय? 'वायफाय ६ई' असं छापलेले लॅपटॉप आपल्याकडे कित्येक वर्षं विकले गेले. ६ई मधला 'ई' म्हणजे ६ गिगाहर्ट्झच. पण देशात परवानगी नसल्यामुळे कार्डातला तो भाग झोपवलेला होता. खोक्यावरच्या सुविधेचे पैसे घेतले गेले आणि ती वापरता येत नव्हती. दुकानात हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. शिवाय विंडोज १० वर ६ गिगाहर्ट्झ चालतच नाही, त्याला विंडोज ११ लागतं. आणि दिल्लीत नियम बदलला म्हणून कार्डाला ते आपोआप कळत नाही. कंपनीने फर्मवेअर किंवा ड्रायव्हरमध्ये भारताचं नाव घातल्यावरच तो पट्टा दिसतो. म्हणजे पुन्हा अपडेटची वाट बघणं आलं.

मग जबाबदार कोण?

लॅपटॉप एका कंपनीचा, विंडोज दुसऱ्या कंपनीचं, कार्ड तिसऱ्या कंपनीचं, राउटर चौथ्याने दिलेला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इंटेल म्हणतं आधी लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर वापरा. लॅपटॉपची कंपनी म्हणते वॉरंटी संपली. एखाद्या बिघाडाचा मालकच ठरत नसेल, तर बिल आपोआप ग्राहकाच्या नावावर फाटतं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांचा तपशील तिथे द्यावा अशी कल्पना. पण त्यामागे सक्तीचा कायदा नाही, आणि भर आहे तो सुट्या भागांवर. अपडेटने बिघडवलेल्या वस्तूचं काय, याचं उत्तर तिथे सापडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाबद्दलच्या जबाबदारीची तरतूद आहे, वॉरंटीतल्या लॅपटॉपसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण पाचशे रुपयांच्या फॉरमॅटसाठी तिथवर जाणारे किती?

दुकानात जाण्याआधी

एक चाचणी अशी आहे की तिने कार्ड आणि विंडोज यांच्यातला वाद मिटतो. कुणाकडून तरी पेन ड्राइव्हवर उबुंटू टाकून घ्या. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' हा पर्याय निवडा. तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही. तिथे वायफायची नावं दिसली तर कार्ड ठणठणीत आहे आणि दोष विंडोजमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. नाही दिसली तर मात्र लगेच निकाल लावू नका. ब्रॉडकॉम आणि रियलटेकच्या काही कार्डांना उबुंटूतही वेगळा ड्रायव्हर लागतो.

लॅपटॉप नुकताच उघडला गेला होता का, हेही आठवा. एसएसडी किंवा रॅम टाकताना कार्डावरच्या अँटेनाच्या बारीक वायरी निसटतात. मग राउटरच्या अगदी शेजारी बसलं की नेटवर्क दिसतं, दोन खोल्या दूर गेलं की यादी रिकामी. नवा खर्च नाही, वायर परत दाबून बसवायची.

आणि कार्ड खरंच गेलं असेल तर? बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूवर बसवलेलं असतं आणि बदलता येतं. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन कुठलंही कार्ड उचलून आणू नका. इंटेलचं एएक्स२०१ दिसायला एएक्स२०० सारखंच असतं, पण ते फक्त इंटेलच्याच ठराविक चिपसेटवर चालतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते लावलं तर काहीच होणार नाही. काही जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादीच असायची. त्याबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरू होतानाच अडून बसायचं. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये, मॅकबुकमध्येही, वायफायची चिप बोर्डलाच चिकटवलेली असते. तिथे 'मदरबोर्ड बदला' हे उत्तर खरंही असू शकतं.

तरीही मदरबोर्डचा खर्च करण्याआधी यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल घेऊन बघा. साधा डोंगल हजार रुपयांच्या आत मिळतो. घेताना तो ५ गिगाहर्ट्झ ऐकतो का, हे खोक्यावर वाचा, कारण सगळ्यात स्वस्त डोंगल फक्त २.४ वालेच असतात. आणि लॅपटॉप दुकानात द्यावाच लागला, तर कोणता कोड येत होता, ते कधीपासून सुरू झालं आणि त्या दिवशी कोणतं अपडेट आलं होतं, हे एका कागदावर लिहून द्या. 'फॉरमॅट मारू का?' या प्रश्नाला होकार देण्याआधी विचारा, 'ड्रायव्हर मागे घेऊन बघितलात का?'